बटण दाबायच्या आधी

२ फेब्रुवारी, सोमवार

स्टुडिओ बंद केला तेव्हा कोऱ्या वह्यांचा गठ्ठा घरी आला होता, त्यातली पहिली आज उघडली. कारण आजपासून मी पुन्हा कामावर आहे.

सकाळी आम्ही नवरा-बायको फिरायला गेलो, तर बियाण्याच्या जुन्या गोदामापाशी राखणदाराची आणि रस्त्याच्या ऑफिसातल्या इंजिनीअरची जुंपलेली. गोदाम बारा वर्षं बंद आहे. रस्ता रुंद करायचा म्हणून ते पाडणार आहेत, तेवीस तारखेला. राखणदार माझ्याच वयाचा, म्हणजे म्हातारा नाही. त्याचं म्हणणं असं की वरच्या झरोक्यामागच्या खोबणीत गव्हाणी घुबडांची जोडी आहे, तिची पिल्लं आहेत आणि ती उडेपर्यंत तरी थांबा.

इंजिनीअर तरुण, पण उद्धट नाही. म्हणाला, "नियम आहे. चालू घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत काम थांबवता येतं. पण पुरावा लागतो. घुबड इथं बसतं हे मला पटलं, भिंतीवरची घाण दिसतेच आहे. पिल्लं आहेत हे कशावरून?"

"कान द्या की साहेब. आत्तासुद्धा ओरडतायत."

इंजिनीअरनं वर बघून कान दिला. "आवाज येतोय खरा. पण फाइलीला आवाज लावता येत नाही. फोटो आणा. पिल्लू दिसलं पाहिजे त्यात."

मीही कान दिला. काहीही नव्हतं. इंजिनीअर भिडस्त असावा, राखणदाराचं मन मोडवलं नसेल त्याच्यानं. हिनंही शेजारून मान डोलावली. एकानं हो म्हटलं की सगळे हो म्हणतात, हे मी स्टुडिओत खूप पाहिलंय.

जिना कुजलेला, वर चढायला मनाई. राखणदारानं फोनवर काढलेले फोटो दाखवले. सगळ्यांत एकच पांढरा डाग. मला राहवलं नाही. म्हटलं, "अडतीस वर्षं फोटोच काढलेत मी. पासपोर्टचे, परवान्याचे, ओळखपत्राचे. हलणाऱ्या मुलांना आणि डोळे मिटणाऱ्या आजोबांना सरळ बघायला लावलंय. हे घुबड तर मुळात समोर बघणारं."

इंजिनीअर हसला. "तेवीसच्या सकाळपर्यंत वेळ आहे, काका."

४ फेब्रुवारी, बुधवार

गोदामासमोर वजनकाट्याची खोली आहे. काटा कधीच उखडून नेला, खोली राहिली. तिच्या खिडकीतून झरोका बरोबर समोर येतो, पंधरावीस पावलांवर. राखणदारानं आम्हाला तिची किल्ली दिली.

आम्हाला म्हणजे मला आणि हिला. मी एकटाच जाणार होतो, पण ही हटून बसली. "मी येणार. मला ऐकायला आवडेल." तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली बाई, अजून ऐकायची हौस फिटली नाही.

जावयानं दिलेला नवा कॅमेरा आज पहिल्यांदा कामाला काढला. सोबत वीटभर जाडीची पुस्तिका आहे. ती उघडली नाही. अडतीस वर्षांनंतर मला पुस्तिका वाचून फोटो काढायची वेळ आली तर कॅमेरा विकून टाकीन. बटण अर्धं दाबलं की तो स्वतःच नजर बसवतो, पूर्ण दाबलं की फोटो. एवढं पुरे.

सव्वासहाला घुबड आलं. शोधावं लागलं नाही, झरोक्याखाली बाहेर आलेल्या तुळईवर उतरलं. पायात उंदीर. मी बटणावर बोट ठेवलं, अर्धं दाबलं, आणि त्यानं सरळ माझ्याकडे बघितलं. हनुवटी खाली, खांदे सरळ, दोन्ही डोळे उघडे. असा चेहरा गिऱ्हाईक म्हणून मिळायला नशीब लागतं. बोट पूर्ण दाबेपर्यंत गेलं. उंदरासकट.

फोटोत तुळई छान आली आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तसंच. उतरलं, बघितलं, गेलं. बघितलं तेही माझ्याकडेच, इकडेतिकडे नाही. मी खिडकीच्या आत, काळोखात, काळी शाल पांघरून बसलेलो. त्याला कळतं कसं?

आणखी एक सांगायचं राहिलं. घुबड यायच्या थोडं आधी ही माझ्या मनगटावर दोन बोटांनी टकटक करते. काल वाटलं चुकून लागलं. आज पुन्हा. घाबरते बिचारी. पडकं गोदाम, तिन्हीसांज. मी तिच्या हातावर थोपटलं. तिनं माझ्याकडे जरा विचित्र बघितलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

चष्म्याची काच चमकत असेल म्हणून आज चष्म्याशिवाय बसलो. गेलं.

काल केसांना तेल लावलं नव्हतं, वास जायला नको म्हणून. तरी गेलं.

राखणदाराला विचारलं, तर तो खोलीच्या दारात उभा राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. उजेड गेला की या माणसाचं बोलणंही जातं. मी "बरोबर आहे" म्हटलं. तो हिच्याकडे बघत राहिला. बरोबर नव्हतं वाटतं.

८ फेब्रुवारी, रविवार

पूर्वी दर रविवारी लेक फोन करून माझ्याशी अर्धा तास बोलायची. हल्ली मला मेसेज पाठवते आणि बोलते आईशी. मी विचारलं तर लिहिलं, "बाबा, तुम्हाला लिहिलेलंच बरं पडतं." मला काय बरं पडतं हे मला न विचारता ठरलं.

आज मायलेकींचं स्वयंपाकघरात बराच वेळ चाललं होतं. मी आत गेलो तशी ही म्हणाली, "बरं, ठेवते." मग लेकीचा मेसेज आला, "बाबा, एकदा तपासून घ्या ना सगळं. माझ्यासाठी." मी लिहिलं, रक्तदाब ठीक, साखर ठीक, चष्म्याचा नंबर चार वर्षं तोच. सगळं म्हणजे आणखी काय असतं? त्यावर तिनं एक रडवेला चेहरा पाठवला. शब्द असताना लोक चेहरे का पाठवतात कळत नाही. चेहरे हे माझं काम होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज तर घुबड झरोक्याच्या कडेलाच आलं होतं. आतून काहीतरी पांढरं हललं, पिल्लूच असणार. बटण अर्धं दाबलं. त्यानं मान गर्रकन वळवून बघितलं, उंदीर तसाच पायात, आणि उडालं. पिल्लूही मागे सरलं. फोटोत पांढरा फराटा.

तेवढ्यात ही मागून कॅमेऱ्याबद्दल काहीतरी म्हणाली. माझं डोकं फिरलेलं. म्हटलं, "कॅमेऱ्यातलं मला शिकवू नकोस." मग ती उठून घराकडे चालायला लागली. आता लिहिताना वाटतंय, तिला काय म्हणायचं होतं ते निदान विचारायला हवं होतं. उद्या विचारीन.

११ फेब्रुवारी, बुधवार

विचारायचं राहिलं. घुबड आलं नाही. ही म्हणते, मागच्या बाजूनं येऊन गेलं. हिला कसं कळलं, देव जाणे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे कळलं ते लिहायला हात उठत नाही.

किल्ली सापडेना म्हणून हिच्या पर्समध्ये हात घातला. आत एक कार्ड. कान-नाक-घशाच्या दवाखान्याचं. तारीख सव्वीस फेब्रुवारी, सकाळी अकरा. नावाच्या जागी फक्त आमचं आडनाव. खाली पेनानं लिहिलंय : श्रवण तपासणी.

मी कार्ड होतं तिथं ठेवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

आता सगळं जुळतं. वर्षभर ही किती मोठ्यानं बोलते. ज्याला ऐकू येत नाही तो मोठ्यानं बोलतो, हे सगळ्यांना माहीत आहे. टीव्हीसमोरून उठून ती आतल्या खोलीत जाऊन बसते, कारण तिला तो समजतच नसणार. आणि रस्त्यानं चालताना आता नेहमी माझ्या डाव्या बाजूला येते. पूर्वी असं नव्हतं. म्हणजे तिचा उजवा कान बरा असणार. तीस वर्षं कानात दुसऱ्यांची बोलणी ओतून घेतली, दुसरं काय होणार? आणि मला सांगितलंसुद्धा नाही. एकटीनं कार्ड काढलं, एकटीनं जाणार. लेकीला माहीत आहे, आणि मला नाही.

मला फार वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं. मी ठरवलंय की कळल्याचं दाखवायचं नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल. तोवर मी सांभाळून घेईन.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आजपासून हिच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलतो आहे.

"ओरडता कशाला?" ती म्हणाली.

"ओरडत नाहीये," मी समजुतीनं म्हटलं. अशा माणसाला आपलं कमी आहे हे कबूल करणं जड जातं. मी दुसरं काही न बोलता हसलो. तीही हसली, पण डोळे भरल्यासारखे वाटले. स्टुडिओत असा चेहरा आला की मी पाणी द्यायचो आणि थोडं थांबायचो. इथं काय द्यायचं ते कळेना.

संध्याकाळी खोलीतही तिला ऐकू जावं म्हणून तसाच बोललो. घुबड दोनदा गोदामावरून घिरटी घालून गेलं, उतरलंच नाही. राखणदार म्हणे बाहेरून दार वाजवून आला. वाजवलेलं मला कळलं नाही, एकदम दारात उभाच दिसला. म्हणाला, "फोटोवाले, तुमचा आवाज रस्त्यापर्यंत येतोय."

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की हिला हल्ली कमी ऐकू येतं, कुणाला बोलू नका. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "वहिनींना?" म्हणाला. मी मान हलवली. त्यानंही हलवली, पण उगाच हलवल्यासारखी. बिचारा, धक्का बसला असणार.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी राखणदार घरी आला. हातात वर्तमानपत्राची पुडी. झरोक्याखाली एक पिल्लू पडलेलं मिळालं, मेलेलं. सगळ्यांत धाकटं. पिसं अजून धड फुटलेली नव्हती, पोट खपाटीला गेलेलं.

"दरवर्षी एखादं जातंच," तो म्हणाला. "थोरली आधी खातात. उरलं तर याला." त्यानं हे माझ्याकडे न बघता सांगितलं.

ही पुडीजवळ बसली आणि म्हणाली, "चार दिवस त्याचाच आवाज बारीक होत होता." मला कळेना, हिला कसा ऐकू आला. अंदाजानं म्हणाली असेल.

मागच्या परसात खड्डा केला. मी मोजतोय की घुबड माझ्यासमोरून उंदरासकट किती वेळा परत गेलं. पाच तर वहीतच लिहिलेत. न लिहिलेले आणखी. परत गेलेला उंदीर नंतर आणला असेल का? मागच्या बाजूनं? की कुठंतरी टाकून दिला? कुणाला विचारू?

१६ फेब्रुवारी, सोमवार

गेलो नाही. मी नाही गेलो तर ती पोटभर खातील. मी नाही गेलो तर तेवीसला भिंत पडेल. दोन्ही खरं आहे, आणि बसल्याबसल्या डोक्याचा भुगा झालाय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आजही गेलो नाही. इंजिनीअर वाटेत भेटला. गाडीची काच खाली करून काहीतरी विचारलं, मी म्हटलं, "ठीक आहे, ठीक आहे." मग त्यानं बोटं दाखवली. सहा. सहा दिवस.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काल आणि आज पुन्हा बसलो. काल तेच झालं. आजचं नीट लिहायला हवं.

आज राखणदारालाही खोलीत बोलावलं होतं. म्हटलं, दोन डोळे जास्त. तो माझ्या डाव्या हाताला, ही उजवीकडे, दोघंही खिडकीकडे तोंड करून. अजून बराच उजेड होता. हिनं मनगटावर टकटक केलं, आणि घुबड आलं. मी बटण अर्धं दाबलं.

घुबडानं माझ्याकडे बघितलं. हे रोजचंच. पण त्याच क्षणी राखणदारानंही झटक्यात माझ्याकडे बघितलं. आणि ही बघत नव्हती, पण तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, सुई टोचायच्या आधी माणूस घेतो तसे. घुबड उडालं.

मी काही हललो नव्हतो. खोकलो नव्हतो. मग हे दोघं एकदम माझ्याकडे कशासाठी वळले, आणि हिनं डोळे का मिटले? माणूस कशाकडे वळतो हे मला कळतं, त्यावरच अडतीस वर्षं पोट भरलं. मूल खुळखुळ्याकडे वळतं. मोठी माणसं दाराकडे वळतात, कुणी आलं की. वळायला काहीतरी लागतं. माझ्याकडे काय होतं?

राखणदार काही बोलणार होता, हिनं त्याला हातानं थांबवलं. ते मी पाहिलं.

रात्रभर झोप लागेल असं वाटत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ही ओट्यापाशी स्टुलावर बसून वाटाणे सोलत होती. पाठ माझ्याकडे. मी दाराशी उभा राहिलो, कॅमेरा तिच्या पाठीवर धरला आणि बटण अर्धं दाबलं.

तिचा हात थांबला.

मी बोट काढलं. ती पुन्हा सोलायला लागली. मी पुन्हा दाबलं. पुन्हा हात थांबला. तिसऱ्यांदा दाबलं तशी ती वळली आणि त्या हल्लीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "अहो, आता घरातही पिपाणी वाजवणार आहात का?"

"कसली पिपाणी?"

तिनं मांडीवरचं ताट ओट्यावर ठेवलं. मग माझ्या अगदी समोर येऊन, सावकाश म्हणाली, "कॅमेरा वाजतो. दोनदा. तुम्ही बटणाला बोट लावलं की. तुम्हाला तो ऐकू येत नाही?"

"कधीपासून वाजतो?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. म्हटलं, तो आवाज बंद होत नाही का? तर तुम्ही म्हणालात, कॅमेऱ्यातलं मला शिकवू नकोस. मला वाटलं, कॅमेऱ्याला तो आवाज लागतच असेल. अडतीस वर्षं हेच केलेला माणूस, बंद होत असता तर केला नसता का?"

मी स्टुलावर बसलो. वाटाण्याची सालं सगळीकडे होती.

"म्हणजे मला ऐकू येत नाही हे तुला माहीत होतं."

"पाखरांचं माहीत होतं. दारावरच्या घंटीचं, कुकरचं. पिल्लांचं तर पहिल्याच दिवशी कळलं. पण नाकासमोरचंसुद्धा येत नसेल, हे नाही हो लक्षात आलं माझ्या."

"आणि ते कार्ड?"

"तुमचं. तुम्ही पाहिलंत?"

मग मी तिला सांगितलं, मला काय वाटलं होतं ते. तेरा तारखेपासून मी तिच्याशी का ओरडतोय तेही सांगितलं. ती आधी तोंडावर हात ठेवून हसली. मग हात तसाच राहिला आणि ती रडायला लागली. म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही चिडलाय."

मला राग आला होता खरा. कुणाचा, ते सांगता येत नव्हतं. हिचा नाही. कॅमेऱ्याचाही नाही, तो बिचारा सांगतच होता की मी वाजतोय म्हणून.

मग पुस्तिका काढली. पान एकशे चौदा. ध्वनी : चालू, बंद. बंदवर बोट ठेवायला मला अर्धं मिनिट लागलं. एवढंसं काम. तेवढ्यासाठी एक पिल्लू परसात पुरलंय. ही म्हणते, तसं म्हणू नका, दरवर्षी एखादं जातंच. मला हे कधीच कळणार नाही, आणि ते माझ्याबरोबर राहील.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर ही वही वाचली. एकोणीस दिवसांची. दुसऱ्याच कुणाची वाचावी तशी वाचली, आणि त्या माणसाला धरून हलवावंसं वाटलं. सगळं लिहिलंय त्यानं. मनगटावरची टकटकसुद्धा लिहिलीय. आणि पुढे लिहिलंय, घाबरते बिचारी.

हिला विचारलं. म्हणाली, "आईबाप जवळ आले की पिल्लं एकदम गलका करतात. ते ऐकू आलं की मी तुम्हाला सांगत होते, तयार राहा म्हणून. मोठ्यानं सांगता येत नव्हतं ना."

संध्याकाळी वारा सुटला, घुबड आलं नाही. आता एकच संध्याकाळ उरली.

२२ फेब्रुवारी, रविवार

खोलीत बसल्यावर बटण अर्धं दाबलं आणि हिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली, नाही. पुन्हा दाबलं. नाही. राखणदारानंही नाही म्हटलं. तरी माझा विश्वास बसेना, आणखी तीनदा विचारलं. शेवटी तिनं डोळ्यांनी दटावलं.

सहा वाजले. साडेसहा झाले. उजेड चालला होता. मी बोट शालीला पुसून पुन्हा बटणावर ठेवलं. आज इंजिनीअर, राखणदार, ही, पिल्लं, सगळे त्या एका बोटावर येऊन बसल्यासारखे झाले होते.

मनगटावर टकटक. हलकी नाही, चांगली जोरात.

मी अर्धं दाबलं आणि थांबलो. घुबड झरोक्याच्या कडेवर उतरलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्याची मागची बाजू दिसली. आतून एक पांढरा चेहरा आला, मग दुसरा. पहिल्यानं उंदीर ओढला. मी पूर्ण दाबलं. एकदाच नाही, वीसेक वेळा.

एका फोटोत घुबड वळलेलं, पायाशी उंदीर, एक पिल्लू तोंड उघडून आणि दुसरं थेट कॅमेऱ्याकडे बघतंय. मान वाकडी, हनुवटी खाली, डोक्यावर पिसांचा झुपका. पासपोर्टला चालला नसता. मी तो राखणदाराला दाखवला. त्यानं दोन्ही हातांनी कॅमेरा धरला आणि बराच वेळ परत दिला नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सात वाजता यंत्र आलं होतं. इंजिनीअरनं फोटो हातात घेतला, उजेडात धरला, मग यंत्रवाल्याला हातानं इंजिन बंद कर म्हणून खूण केली. ते धडधडणं मला नीट ऐकू येत होतं, आणि थांबलेलंही कळलं. जाड आवाज येतात मला.

"किती दिवस लागतील त्यांना?" त्यानं विचारलं. हे त्यानं माझ्या समोर उभं राहून, तोंड वर करून विचारलं. कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. गेल्या आठवड्यात मला याचा अपमान वाटला असता.

राखणदार म्हणाला, "दोन-अडीच आठवडे." इंजिनीअरनं फाइलीवर एक महिना लिहिला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखाना. काचेची खोली, कानावर यंत्र, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी काचेपलीकडच्या तपासणाऱ्या बाईंचा चेहरा बघत होतो. आवाज सोडला की त्यांची भुवई किंचित हलायची. मी भराभर दाबत सुटलो. आठ-दहा वेळा झाल्यावर त्या आत आल्या, काही न बोलता माझी खुर्ची उचलून भिंतीकडे वळवली आणि बाहेर गेल्या.

समोर पांढरी भिंत. बोट बटणावर ठेवून बसलो. खूप वेळ बसलो. तपासणी अजून सुरू झाली नाही असं मला वाटत होतं. मग दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, "झालं."

तेव्हा मी खरा घाबरलो.

बारीक, उंच आवाज दोन्ही कानांतून गेलेत, उजव्यातून जास्त. डाव्यात थोडं शिल्लक आहे. म्हणून ही डावीकडून चालते. यंत्र बसेल, पुष्कळ फरक पडेल, पण तयार व्हायला चार आठवडे. मी पहिला प्रश्न विचारला तो बाईंना कळलाच नाही. हिला कळला. ती म्हणाली, "नाही हो. तोवर पिल्लं उडून गेलेली असतील."

२८ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी दोघंच गेलो. कॅमेरा घरी ठेवला. खोलीत न बसता बाहेर पायरीवर बसलो, ही डावीकडे.

मी विचारलं, "आवाज आहे तरी कसा?"

तिनं विचार केला. तीस वर्षं लोकांचे आवाज जोडून दिलेली बाई, तिला घाई करून चालत नाही. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ सुटते ना, तसा. पण हट्टी. आणि दोघांचा वेगळा. थोरलं लांबलचक ओढतं, धाकटं तुटक बोलतं."

"आता बोलतायत?"

"मगापासून."

मी तिच्यापुढे हात धरला. तिनं माझं मनगट मांडीवर घेतलं आणि सुरू केलं. थोरल्याला बोट दाबून धरायची, धाकट्याला टकटक. लांब, लांब, टक. लांब. टक टक. मी झरोक्याकडे बघत होतो. तिथं काळोखाशिवाय काही नव्हतं. मग टकटक इतकी जलद झाली की तिचं बोट पुरेना, ती हसायला लागली. मी वर बघितलं, आणि घुबड आलं.

सव्वासहा ते सात. थोरलं एक्केचाळीस वेळा, धाकटं मोजता आलं नाही. ऐकलं हिनं, लिहिलं मी.